चतुर्थीला निघा: मांडवा ते आग्वाद, शिडाच्या बोटीनं

खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची बोट शिकलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते. वारा बघायचा, शीड ओढायचं, निघायचं. धरणाचं पाणी एका रात्रीत तीन मीटर उतरत नाही. कोकणात ते उतरतं. म्हणून मांडव्याहून गोव्याला शिडानं जायचं ठरलं की आम्ही हवामानाच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेला भरती जरा आधी येते, त्यामुळे शेवटचा शब्द भरती-ओहोटीच्या तक्त्याचा. पण सुट्टी कधी टाकायची हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आता यात वारा मिसळा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथं कामाला येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जमिनीवरून मतलई येतो, पाच ते दहा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). दहा-अकराला तो मरतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो, दहा ते पंधरा नॉट, आणि सूर्यास्तानंतर पडतो. मुक्कामाच्या जागा बहुतेक खाड्यांमध्ये, आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना खारा वारा आत घुसला, तर त्या पट्ट्यावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोट एका लाटेवरून खाली येते तोवर दुसरी समोर उभी. मागून आलेली लाट बोट आडवी फिरवते, आणि तळ वाळूला लागतो तो नेमका तेव्हाच.

चतुर्थी ते दशमी हे सात दिवस या जाचातून सोडवतात. पहाटे पाचला निघताना पहिले तीन-चार दिवस ओहोटी बाहेर जात असते आणि मतलईही बाहेरच जातो. दुपारी तीन-चारला भरती आत येते, खारा वाराही आत. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. शुक्ल पक्ष असेल तर रात्री नांगर तपासायला चांदणं मिळतं. पौर्णिमेची रात्र समुद्रात छान दिसते म्हणून लोक तेव्हा निघतात. फोटो चांगले येतात, पण त्या दिवशी बारा वाजता भरती आणि दुपारभर उधाणाची ओहोटी. आम्ही तो दिवस किनाऱ्यावर काढतो.

एकूण अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. आमची बोट ३४ फुटी, पाण्याखाली १.७ मीटर, सरासरी पाच नॉट. तृतीयेला पुण्याहून खोपोली, पेण, अलिबाग करत संध्याकाळपर्यंत मांडवा. मग चतुर्थीला राजपुरी, पंचमीला हर्णै, षष्ठीला जयगड, सप्तमीला रत्नागिरी, अष्टमीला विजयदुर्ग, नवमीला मालवण, दशमीला आग्वाद. रोज साधारण तीस मैल, रत्नागिरीचा टप्पा तेवढा आखूड. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच वाटेवर आहेत. ते समुद्राकडून बघितले की जागा का निवडली हे सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी थळ आणि उंदेरीमधून आखूड वाट काढायचा मोह होतो. तिथं खडक आहेत. खांदेरी डाव्या हाताला ठेवून बाहेरून जा. पुढे चौल कडूचा खडकही तसाच डावीकडे. मुरुडजवळ पद्मदुर्गाला लांब ठेवून जंजिऱ्याच्या पूर्वेला राजपुरीच्या खाडीत शिरायचं, आणि दिघी बंदराच्या जहाजांचा मार्ग मोकळा ठेवून नांगर टाकायचा.

खाडीत वळतानाच खरी परीक्षा. दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा उजव्या खांद्यामागून येतो आणि बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा, डावीकडे असतो. खाडीसाठी पूर्वेला वळलं की वारा डाव्या खांद्यामागे जातो, म्हणजे मध्ये कुठेतरी बूम या बाजूचा त्या बाजूला फेकला जाणारच. मुखाशी, उथळ पाण्यात, जाळी चुकवत असताना हे नको. म्हणून मैलभर बाहेरच इंजिन चालू करून नाक वाऱ्यात घ्यायचं, मुख्य शीड उतरवायचं आणि नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, आत यायचं. दिवसभर मागून वारा असताना बूमला पुढे दोरी बांधून ठेवावी. आणखी एक फसवणूक: १८ नॉटचा वारा मागून, बोट सहाला, तर अंगाला बाराच लागतो. वळल्यावर तो एकदम अठरा होतो. पहिला रीफ दुपारी एकलाच घ्या, म्हणजे शीड एका टप्प्यानं लहान करा, गरज वाटायची वाट बघू नका.

दुपारी शिरण्याचा आणखी फायदा म्हणजे सूर्य पाठीशी असतो आणि पाण्याखालच्या खडकाचा तपकिरी रंग दिसतो. सकाळी पूर्वेला तोंड करून शिरलं तर समोर नुसती चमचम.

नांगराचं गणित धरणावरच्या मंडळींचं हमखास चुकतं. समजा अर्ध्या भरतीला खोली पाच मीटर दिसली आणि अजून एक मीटर चढायचं आहे. पाच अधिक एक, अधिक पाण्यापासून नाकाची उंची एक, झाले सात. त्याच्या पाचपट, ३५ मीटर साखळी. वारा वाढला तर सातपट. मग उलटा हिशेब: सर्वांत कमी पाणी चार मीटर, तळाखाली दोनच्या वर उरतात, ठीक. दुसरा हिशेब विसरलात तर रात्री तीनला बोट कलते. साखळी सोडल्यावर इंजिन मागे १५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट चालवा. नांगर गाळात रुतला की किनाऱ्यावरचं झाड आणि मागचं घर एका रेषेत स्थिर राहतात. मच्छीमार बोटी आखूड दोरावर असतात, त्या आपल्यासारख्या फिरत नाहीत. त्यांच्यापासून अंतर जास्तच ठेवा.

हर्णैला किल्ला आणि किनारा यांच्यातली पट्टी उथळ आहे, आणि वायव्येकडून उसळी येते, झोप बेताचीच. जयगडला मोठी जहाजं असतात, तवसाळच्या फेरीबोटीची वाट सोडून थांबावं. विजयदुर्गाची वाघोटण खाडी आम्हाला या सगळ्या वाटेवर सर्वांत आवडते: आत आलं की पाणी तळ्यासारखं. एखादा दिवस हाताशी असेल तर तो इथं घालवा, पण मग दशमी एकादशीवर जाते, हे लक्षात ठेवा.

मालवणला नियम उलटा. कुरटे बेटाभोवती, सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला खडकच खडक. तिथं पाणी कमी असतानाच, नुकतीच भरती लागल्यावर या, म्हणजे खडकांवर फेस दिसतो. स्थानिक होडी पुढे घेतली तर उत्तम, तिचे पैसे वसूल होतात. तळाशी प्रवाळ आहे, सागरी अभयारण्य आहे, तेव्हा नांगर फक्त वाळूवर.

या किनाऱ्यावर खडकांपेक्षा जास्त बोटी जाळ्यांनी अडवल्या असतील. बांबूवर काळं फडकं दिसलं की जाळं एका बाजूला आहे, कोणत्या ते कळत नाही. जवळच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, हाक मारा, "दादा, जाळं कुठवर?" तो हातानं दाखवतो, बोलत नाही. तरी दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेलाच तर इंजिन न्यूट्रलला टाकून लगेच बंद करा. उलटं फिरवून सोडवायला गेलात तर दोर वितळून शाफ्टवर घट्ट बसतो. शिडं उतरवा, खोली असेल तर नांगर टाका, आणि कमरेला दोर बांधूनच सुरी घेऊन खाली उतरा. जाळं कापलं तर मालकाला भरपाई द्या, ते त्याचं पोट आहे. रात्री बोटींवर रंगीबेरंगी लुकलुकते दिवे असतात, त्यांतून दिशा कळत नाही. आम्ही अंधारात चालवतच नाही.

इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमधून बाहेर पडतंय का, हे दर अर्ध्या तासानं बघा. पाण्याऐवजी वाफ आली तर बहुधा प्लॅस्टिकची पिशवी गाळणीत अडकली आहे. बंद करा, गाळणी साफ करा, तरीही पाणी नसेल तर इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, बदला. सुटा इंपेलर जवळ हवाच. डिझेल ताशी अडीच-तीन लिटर. कॅनमधून भरताना जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घ्या. पाच जणांना सात दिवसांचं पिण्याचं पाणी १४० लिटर, त्यातलं निम्मं वेगळ्या कॅनमध्ये, टाकीचं बिघडलं तर उरावं म्हणून. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात साचतो. चहा झाला की सिलिंडरपाशीच बंद. भाजणी, मेतकूट, आलेपाकाच्या वड्या न्या. मळमळीची गोळी आदल्या रात्री घ्यायची, सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

बोटीची नोंदणी, विमा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि सगळ्यांचे ओळखपत्र एका जलरोधक पिशवीत. समुद्रात गस्तीची बोट थांबवते तेव्हा ती पिशवी हाताशी लागते. व्हीएचएफ रेडिओ सोळाव्या चॅनेलवर; फोनसाठी तटरक्षक दल १५५४, सागरी सुरक्षा १०९३.

परतीला बोट उत्तरेला न्यायची म्हणजे दुपारचा सगळा वारा तोंडावर. तेव्हा पहाटे चारला निघून मतलईवर आणि इंजिनावर अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं करायचं आणि थांबायचं. सातचे दहा दिवस होतात. आम्ही निम्मे जण आग्वादहून गाडीनं पुण्याला येतो.