उतारावर थांबणारी पाखरी

'जनावर अडेल झाले आहे' ही तक्रार माझ्या कानांवर सतत येते आणि तिच्यावर माझा विश्वास फार क्वचित बसतो, कारण ती करणाऱ्याने रोगाचे निदान आणि त्यावरचा उपाय असे दोन्ही आधीच ठरवून टाकलेले असतात; डॉक्टरने फक्त मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. पुण्यात घोड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचे काम मुख्यतः रपेट शिकवणाऱ्या पागा, शर्यतींतून निवृत्त झालेली जनावरे आणि लग्नसराईत बग्गीला जुंपले जाणारे घोडे यांच्याभोवती फिरते. हौसेखातर स्वतःचे तट्टू गाडीला जुंपून सकाळी फेरफटका मारणारा माणूस मात्र विरळाच. त्यामुळे सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या अलीकडे राहणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला, तेव्हा तक्रार जुनी असली तरी रुग्ण माझ्यासाठी नवा होता.

हे काका एसटीचे निवृत्त चालक. निवृत्तीनंतर त्यांनी मेंढरांमागे फिरणाऱ्या एका धनगर कुटुंबाकडून पन्नास इंच उंचीची तांबूस घोडी घेतली आणि तिचे नाव पाखरी ठेवले. ती भीमथडी जातीची होती. भीमेच्या खोऱ्यातली ही काटक तट्टे मराठ्यांच्या घोडदळात होती आणि आज ती मुख्यतः धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहताना दिसतात. गाडी ओढणाऱ्या तट्टांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नालाविना १४८ सेंटीमीटर उंचीपर्यंतचे जनावर तट्टू धरले जाते. पाखरी त्या मापापेक्षा वीतभर ठेंगणी होती, पण छातीने रुंद, पायांच्या हाडांनी भक्कम आणि खुरांनी इतकी कठीण, की ओझे ओढण्यासाठी याहून चांगली ठेवण मी सुचवली नसती. जुन्या टांग्याची चाके मिळवून काकांनी गावातल्या सुताराकडून दोन चाकांची हलकी गाडी करून घेतली होती आणि रोज सकाळी काकूंना शेजारी बसवून ते कालव्याच्या रस्त्याने फिरून येत.

तक्रार अशी होती, की दिवाळीनंतर काही दिवसांतच पाखरी कालव्याच्या भरावावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर थांबू लागली. सपाट रस्त्यावर ती चाले, चढावर ओढे, मात्र उताराच्या तोंडाशी आली की कान मागे पाडून उभी राही. "मॅडम, सगळी नोकरी घाटातल्या गाडीवर काढली, ब्रेक कधी दगा देऊन गेला नाही," काका म्हणाले, "पण हिचा ब्रेक लागला की सुटतच नाही." बाजारातल्या एका जाणत्याने त्यांना काटेरी कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, घालण्याचा सल्ला दिला होता आणि ते कडियाळे विकतही दिले होते. काकांनी ते वापरलेले नव्हते. तबेल्याच्या खुंटीवर ते तसेच टांगलेले होते. ओझे वाहणाऱ्या आणि ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या नियमांनी काटे किंवा खिळे असलेला लगाम निषिद्ध ठरवला आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी तो काढून माझ्याच हातात दिला. काकूंचे मत अगदी वेगळे होते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेली दोन नातवंडे परत गेल्यापासून पाखरी रुसली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी हसून मान डोलावली आणि तपासणीला लागले.

उतारावर थांबणाऱ्या तट्टाच्या बाबतीत माझी पहिली शंका पुढच्या खुरांवर असते. उसाच्या पट्ट्यात गोडसर चारा आणि मळी मुबलक मिळते आणि जाडजूड झालेल्या तट्टांच्या खुरांच्या आत दाह होण्याचा आजार त्यामुळे उद्भवतो. असे जनावर पुढच्या पायांवर भार घ्यायला तयार नसते आणि उतरताना तर सारा भार पुढेच येतो. पाखरीची खुरे मात्र गार होती, खुरांच्या चिमट्याने दाबल्यावर तिने पाय आखडला नाही आणि घोट्यामागची नाडी शांत होती. तोंडात कुठे जखम नव्हती. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात, त्यामुळे दाढांच्या कडा धारदार होऊन गाल कापतात, पण त्याही ठीक होत्या. हृदयाचे ठोके मिनिटाला चाळिसाच्या आत होते. मग मी पाठीवरून बोटे फिरवली आणि मानेमागच्या उंचवट्याच्या थोडे मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे साजाची छोटी गादी टेकते, तिथे पाखरीने पाठ चटकन खाली दबवली. कातडी फाटलेली नव्हती, पण केस घासून आखूड झाले होते. असा दाब बराच काळ राहिला, की त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. इथे अजून ती वेळ आली नव्हती.

पाठ दुखते हे कळले, तरी ती उतारावरच का थांबते हा प्रश्न शिल्लक होता. गाडी न जुंपता लांब लगाम लावून आम्ही मागून चालत पाखरीला भरावावरून उतरवले, तेव्हा ती सरळ उतरली. म्हणजे उताराची भीती नव्हती आणि पायांचे दुखणेही नव्हते. मग रिकामी गाडी जुंपून काका तिच्या बाजूने चालत उतरले. तिने किंचित कान हलवले, पण थांबली नाही. शेवटी काका आणि काकू गाडीत बसले आणि उताराचे तोंड आले मात्र, पाखरी खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली, शेपूट दाबून आणि कान मागे पाडून. मी तिच्या बाजूला उभी होते. ज्या चामडी कड्यांतून गाडीच्या दांड्या जातात, ती कडी गादीवरून अक्षरशः खाली खेचली जात होती.

दोन चाकांच्या गाडीचे सारे गणित तिथेच असते. चार चाकांची गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहते, जनावराने ती फक्त ओढायची असते; दोन चाकांची गाडी मात्र आसावर तोललेल्या तराजूसारखी असते आणि तिचे पुढचे टोक जनावराच्या पाठीवर टेकलेले असते. माणसे मागे सरकली की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा आवळतो. माणसे पुढे सरकली की तोच भार पाठीवर उतरतो. पुणे स्टेशनजवळ आणि मंडईत टांगे उभे राहत त्या काळी उतारूंना 'जरा पुढे सरका', 'तुम्ही मागे बसा' असे सारखे सांगत राहणारे टांगेवाले कटकट करत नसत, ते घोड्याची पाठ सांभाळत असत. टांगे गेले आणि अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीच्या नावापुरते उरले, आणि त्याबरोबर माणसे कुठे बसवायची हे नजरेने ठरवणारी माणसेही गेली. वरातीच्या रोषणाईने लगडलेल्या बग्ग्यांवर चढणाऱ्या मंडळींना ही जाण असती, तर माझे लग्नसराईतले निम्मे काम कमी झाले असते.

काकूंकडे धान्याची पोती तोलण्याचा ताणकाटा होता. पाखरीला सोडून आम्ही दांड्या नेहमीच्या उंचीवर त्या काट्याला लटकवल्या आणि दोघांना गाडीत बसवले. काटा एकवीस किलोंवर गेला. दांड्यांच्या टोकाशी दोन ते पाच किलोंच्या आसपास भार असावा, इतका की दांड्या कड्यांत तरंगल्यासारख्या राहाव्यात. एकवीस किलो पाठीवर वाहणे हे धनगराकडे बिऱ्हाड वाहिलेल्या तट्टाला मुळीच अवघड नाही, पण खोगिरात तो भार पाठभर पसरतो आणि इथे तो दोन तळव्यांएवढ्या जागेवर, दुडकीच्या प्रत्येक पावलाला आपटत होता. उतारावर गाडी पुढे कलते आणि आसाच्या वर उंच बसलेल्या माणसांचे वजन आणखी पुढे येते, त्यामुळे नेमक्या त्याच जागी तो भार सोसवेनासा होत होता.

"गाडी पहिल्यापासून अशीच आहे का?" मी विचारले. काका म्हणाले, "नाही. दिवाळीला मागं फळी बसवली, पोरांसाठी. तेवढ्यासाठी पुढची बैठक आठ इंच पुढं घेतली." मी वहीत आकडे मांडले. दोघांचे मिळून वजन १३० किलो आणि आसापासून कड्यांपर्यंतचे अंतर दीड मीटर, म्हणजे बैठक आठ इंच पुढे गेल्याने पाठीवर सतरा किलोंहून थोडी अधिक भर पडली होती. सुट्टीत मात्र पाखरी उत्तम पळत होती, कारण मागच्या फळीवर, आसाच्या अर्धा मीटर मागे, पंचवीस-पंचवीस किलोंची दोन मुले बसत होती आणि ती जवळपास तेवढाच भार उचलून धरत होती. मुले पुण्याला परतली, फळी रिकामी झाली आणि तराजूचे एक पारडे नाहीसे झाले. काकू माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "मी काय सांगत होते? नातवंडं गेल्यापासूनच." निदान त्यांनी केले होते, मी फक्त त्याची बेरीज-वजाबाकी केली.

बैठक चार बोल्टांवर होती. ती आम्ही तिथल्या तिथे मागे घेतली, काटा चार किलोंवर आला, गादीखाली जाड लोकरीची घोंगडी दुमडून घातली आणि खात्री करण्यापुरते एकदाच, पावली चालीने, दोघांना घेऊन पाखरीला त्या उतारावर आणले. उताराच्या तोंडाशी ती थबकली, एक कान मागे वळवून काकांच्या आवाजाची वाट पाहिली आणि "चल पाखरी" ऐकल्यावर उतरली. त्यानंतर पाठ पूर्ण बरी होईपर्यंत गाडी बंद ठेवायला मी सांगितले आणि मागच्या पट्ट्याची दोन भोके आवळली, म्हणजे उतारावर गाडीचा रेटा तिच्या मांड्यांनी घ्यावा, पाठीने नव्हे.

पुन्हा गेले ती सकाळ मी कामात धरावी की सुट्टीत, हे मला ठरवता आलेले नाही. पाठ दाबून पाहिली, पाखरी हलली नाही. काकांनी ती जुंपली आणि लगाम माझ्या हाती दिले. घोड्यावर बसण्याची मला सवय आहे, पण स्वाराला मांड्या, टाचा आणि शरीराचा तोल यांनी जे सांगता येते, ते गाडी हाकणाऱ्याला केवळ हात, आवाज आणि चाबकाच्या टोकाचा हलका स्पर्श यांतूनच सांगावे लागते. झापडे लावलेल्या जनावराला आपण दिसतही नाही. दोन्ही लगाम डाव्या हातात आणि उजवा हात त्यांची लांबी कमी-जास्त करायला, अशी धरण्याची रीत आहे. त्या चामड्याच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत तोंड आहे, ते बोटांना चावते, सोडते, विचारते, हे दहा-पंधरा मिनिटांत कळू लागते. वळणावर आतला लगाम ओढण्यापेक्षा बाहेरचा थोडा सोडणे महत्त्वाचे असते, म्हणजे तट्टाला मान वळवायला जागा मिळते आणि चाके मागोमाग गोल येतात. कालव्यावर ती दुडकीला लागली, तेव्हा बैठक हिंदकळली नाही; दांड्या कड्यांत सैल खेळत होत्या आणि पाखरीचे कान पुढे, मग एक मागे, पुन्हा पुढे, असे चालले होते. तासाला बारा-तेरा किलोमीटरचा हा वेग असा आहे, की उसाच्या शेतातला माणूस ओळखता येतो, त्याला हाक मारता येते आणि त्याचे उत्तर ऐकूनही पुढे जाता येते. मोटारीत यातले काहीच होत नाही आणि पायी चालताना एवढे अंतर कापले जात नाही.

परत आल्यावर मी काकांना या खेळाच्या स्पर्धांविषयी सांगितले. इंग्लंडचे प्रिन्स फिलिप आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना, १९६९च्या सुमारास, या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम तयार झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या म्युन्स्टरला चार घोड्यांच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यात डौलदार चालींची परीक्षा असते, अडथळ्यांसह लांबची दौड असते आणि शेवटी शंकूंच्या जोड्यांमधून गाडी नेण्याची परीक्षा असते. शंकूंमधली जागा चाकांच्या रुंदीपेक्षा जेमतेम वीत-दीड वीत अधिक असते आणि प्रत्येक शंकूवर एक चेंडू ठेवलेला असतो. तो पडला की गुण गेले. हे ऐकून काका गोठ्यातून तेलाचे रिकामे डबे घेऊन आले आणि काकूंनी स्वयंपाकघरातून लिंबे आणली. डब्यांच्या जोड्या खळ्यात वेड्यावाकड्या मांडून त्यांवर लिंबे ठेवली. एसटी उलटी लावण्यात हयात गेलेल्या त्या माणसाने पहिल्याच फेरीत एकही लिंबू न पाडता गाडी बाहेर काढली. माझ्या फेरीनंतर काकूंनी सरबताला पुरतील इतकी लिंबे मातीतून गोळा केली.

मे महिन्यात नातवंडे पुन्हा येणार होती, म्हणून सुताराकडून बैठकीला आणखी एका जागी भोके पाडून घेतली. मुले असताना बैठक पुढे आणि नसताना मागे. त्याच १९६५च्या नियमांनुसार तापमान सदतीस अंशांवर गेले की दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपता येत नाही आणि सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय घेता येत नाही, हे मी काकांना लिहून दिले. सुट्टीत त्यांचा फोन आला. दोन्ही मुलांना ताणकाट्याला लटकवून तोलले असता धाकटा तीन किलोंनी वाढलेला निघाला, तर आता बैठक किती सरकवायची, असा त्यांचा प्रश्न होता. मी वही काढून हिशेब सांगितला. गाडीच्या मागच्या फळीवर त्यांनी लाल रंगाने 'आसन क्षमता २ + २ लहान' असे लिहून घेतले होते आणि त्याखाली काकूंच्या आग्रहाने आणखी एक ओळ आली होती : 'बसण्यापूर्वी वजन करून घेणे.'