एकाच घरट्यातली टॅडपोल : आर्द्रा ते पोळा

आर्द्रा नक्षत्रात झाडबेडकीने आमच्या हौदाच्या भिंतीवर फेसाचं घरटं केलं. त्यातल्या पिल्लांची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या शेपटीवाल्या टॅडपोलांची, पोळ्यापर्यंतची ही नोंद. जात पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस, पावसाळ्यात आपल्या नागपुरात न्हाणीघराच्या भिंतीवरही येऊन बसणारी. हिची अंडी पाण्याच्या वर, फेसात असतात. फेसाचा बाहेरचा थर वाळतो, आत ओल टिकते आणि काही दिवसांनी पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. अभ्यासाला ही जात मला फार सोयीची वाटते, कारण एक घरटं म्हणजे एका मादीची अंडी. तळ्यातून गाळलेल्या टॅडपोलांत कोण कोणाचं हे कळायला मार्ग नसतो.

तर एका आईची, एकाच पावसात पाण्यात पडलेली ही पिल्लं. नारळी पौर्णिमेला त्यातली काही शेपटी जिरवून जाळीवर चढून बसली होती. आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत होती, तेव्हा काहींच्या मागच्या पायांना बोटंही नीट फुटलेली नव्हती. हा फरक येतो कुठून, एवढंच मला पाहायचं होतं.

काही पिल्लं हौदातच राहू दिली. बाकीची सारख्या मापाच्या टबांत : एका टबात मोजकी, एकात दाटीने, आणि तिसऱ्यात मोजकीच, पण त्यातलं पाणी मी हळूहळू कमी करत गेले. पाणी पावसाचं, नाहीतर क्लोरीन उडून जावा म्हणून दिवसभर उघडं ठेवलेलं नळाचं. खायला उकडलेला पालक आणि हौदाचं शेवाळ. दाटीच्या टबात पालक त्या हिशेबाने जास्त घातला, म्हणजे दर पिल्लामागे वाटा सारखाच.

मोजायला काचेची बशी, खाली आलेखाचा कागद, वरून मोबाइलचा फोटो. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच घ्यायची. शेपट्या कुरतडल्या जातात, त्यामुळे एकूण लांबी भरवशाची नाही. सोबत गॉस्नरचा टप्पा. अंड्यापासून छोट्या बेडकापर्यंतच्या वाढीची, १९६० साली गॉस्नरने केलेली ही ४६ टप्प्यांची मांडणी अजूनही सगळीकडे चालते. २६ पासून मागच्या पायांचे कोंब, ४२ ला पुढचे पाय बाहेर, ४६ ला शेपटी संपली.

पुष्य लागला तेव्हा मोजक्यांच्या टबात सगळी १२ ते १४ मिलिमीटर होती. दाटीच्या टबात ७ पासून १४ पर्यंत. मला यातली गंमत अशी वाटते की दाटीतली सर्वात मोठी पिल्लं मोकळ्या टबातल्यांच्या तोडीस तोड होती. सरासरी घसरली ती तळच्यांमुळे. पालकाचं पान टाकलं की तीनचार मोठी पिल्लं त्याची कड धरून खरवडत बसतात. लहान येतं, धडकतं, मागे फिरतं आणि तळाचा गाळ खात राहतं. वाटा सारखा टाकला तरी सारखा पोटात जात नाही. म्हणून नुसती सरासरी लिहू नका. सर्वात लहान, सर्वात मोठं आणि मधलं, तिन्ही लिहा.

पाणी कमी केलेल्या टबातली पिल्लं मोठी नव्हती, तरी सर्वांत आधी बाहेर आली. विल्बर आणि कॉलिन्स या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं. ठरावीक किमान आकार गाठल्याशिवाय रूपांतर, म्हणजे टॅडपोलाचा बेडूक होणं, सुरू होत नाही. तो गाठल्यावर वाढ जोरात चालू असेल तर पिल्लू पाण्यातच थांबतं, वाढ मंदावली तर निघतं. पाणी आटू लागलं की शरीरात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, वाढतं आणि ते थायरॉइडच्या संप्रेरकाचा परिणाम तीव्र करतं. रूपांतर घडवतं ते थायरॉइडच. गुडर्नाच या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये टॅडपोलांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून ते दाखवलं होतं. घाईची किंमत मात्र दिसली. या टबातले छोटे बेडूक १४ मिलिमीटरचे, मोकळ्या टबातले १८ चे. हौदातली उशिरा निघाली, पण सर्वांत मोठी निघाली. हौदावर दिवसभर बदामाची सावली असते आणि थंड पाण्यात रूपांतर रेंगाळतं.

४२ वा टप्पा जवळ आला की पिल्लू रोज बघा. आधी कोपर कातडीखालून टोकदार उचललेलं दिसतं. डावा पाय श्वासछिद्रातून निघतो, कारण ते छिद्र डाव्या बाजूलाच असतं. उजव्याला कातडी फोडून यावं लागतं. मग चोचीसारखा जबडा गळतो, तोंड रुंदावतं, आतडं आखूड होतं. या काळात ते खात नाही, शेपटी जिरवून त्यावर भागवतं. पालक बंद करा, पाणी उथळ ठेवा, चढायला तिरपी फरशी द्या आणि वर जाळी, कारण काचेवरही ही सरसर चढतात.

बाहेर आलेले सगळे बेडूक याच हौदाच्या कडेला सोडते आहे. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर नेऊन सोडायचा मोह कोणालाही होईल, पण एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही. बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी कायट्रिड बुरशी अशीच पसरते.

दाटीच्या टबातली उरलेली आता ३७-३८ व्या टप्प्यावर आहेत. त्यांतली निम्मी कालपासून मोकळ्या टबात हलवली आहेत. जागा मिळाल्यावर ती आधी वाढतात की लगेच पाय काढतात, ते पुढच्या नोंदीत लिहीन. ज्यांच्याकडे भेकाची किंवा दुसऱ्या जातीची मापं असतील, त्यांनी पाण्याचं तापमानही सोबत लिहावं.