टॅबला नाक नसतं

सातवीच्या तासाला मी टॅब कपाटातच ठेवले आणि पाठकोरे कागद वाटले. म्हटलं, हाच तुमचा टॅब. आजवर कुणी केलं नसेल असं ॲप यावर काढा.

आधी आलं ते ठरलेलंच. गाड्यांची शर्यत, बंदुकांचा खेळ, एकाचं 'गृहपाठ आपोआप'. (याला टाळ्या पडल्या.) मुलांना काही सुचत नाही, असं आम्ही शिक्षक फार लवकर म्हणून मोकळे होतो. इतक्या मोघम प्रश्नाला मोठी माणसंही पाहिलेलंच पुन्हा काढून दाखवतील. मग मी विचारलं, "घरात कोण कशावरून रोज वैतागतं?"

आता हात वर झाले. शेतीची लाईट रात्री येते, मोटर सुरू करायला पप्पांना उठावं लागतं. टँकर कधी येईल ते कळत नाही, मम्मीची रोजंदारी बुडते. आणि एरवी हजेरीपुरताच बोलणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आमच्या चाळीतला कांदा सडतो."

आमच्या चांदवड तालुक्यात हे दुखणं घरोघरी आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरायचा आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत ठेवायचा. पावसाळ्याच्या दमट हवेत आत कुठेतरी सड लागते, शेजारच्या कांद्यांत पसरते, आणि वरून काही दिसत नाही.

टॅबला काय काय कळतं, ते आम्ही फळ्यावर लिहिलं. कॅमेऱ्यानं दिसतं, माइकनं ऐकू येतं, हलवलं किंवा तिरकं धरलं तरी समजतं. "पण मॅडम, त्याला नाक कुठंय?" एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

"नाक आजीला आहे ना," तो म्हणाला. "ती रोज चाळीला चक्कर मारते. कुठं वास आला होता तेच नंतर आठवत नाही तिला."

त्यानं कागदावर चाळीचे कप्पे आखले. वास आला त्या कप्प्यावर आजीनं बोट टेकवायचं, तारीख टॅबनं लिहायची. एकाच कप्प्यावर लागोपाठ बोट पडलं की तो कप्पा आधी उकलायचा. वास घेणं आजीकडे, लक्षात ठेवणं टॅबकडे. यंत्राला कोणतं काम देऊ नये, हे त्यानं किती सहज ठरवलं!

पुढचं अवघड नव्हतं. गूगलनं २०१० मध्ये आणलेलं आणि नंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं चालवायला घेतलेलं ॲप इन्व्हेंटर फुकट मिळतं. त्यात कोड टाइप करावा लागत नाही, पडद्यावरचे ठोकळे जोडायचे. नोंदी टॅबमध्येच साठवता येतात, म्हणजे चाळीत रेंज नसली तरी अडत नाही. आजीला वाचता येत नाही म्हणून कप्प्यांना रंग द्यायचे ठरलं. सडक्या कप्प्याला त्यानं लाल दिला, तर सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. लाल कांदा म्हणजे पोळ कांदा, पावसाळी पिकाचा, तो काय सडका असतो? वाद तास संपेपर्यंत चालला. शेवटी काळा ठरला.