स्केचवही : योकोहामाची जुनी बँक, घुमट सगळ्यात शेवटी

जुन्या बँकांच्या इमारती रेखाटायच्या मालिकेतलं योकोहामाचं पान आता पेन्सिलीवरून शाईवर आलंय. इमारत आहे बाशामिची रस्त्यावरचं कानागावा प्रांताचं इतिहास संग्रहालय. मूळची ही योकोहामा स्पीशी बँकेची मुख्य कचेरी. वास्तुकार त्सुमाकी योरिनाका, बांधकाम १८९९ ते १९०४. कोपऱ्यावर उभं राहिलं की हिरव्या, अष्टकोनी घुमटावरच नजर जाते, आणि बहुतेक जण वहीत सुरुवातही तिथूनच करतात.

मी घुमट शेवटी ठेवला, त्यामागे इमारतीचा इतिहास आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत घुमट जळाला, आतला भागही जळाला. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या आणि तळघरात आसरा घेतलेले शेकडो लोक वाचले. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं ही इमारत घुमटाविनाच होती. १९६७ मध्ये इथे प्रांताचं संग्रहालय सुरू झालं तेव्हा तो पुन्हा उभारला गेला. म्हणजे १९०४ चं काम बघायचं तर ते भिंतींत आहे. म्हणून आधी जोतं, मग भिंती, मग कठडा, असा क्रम धरला. मागे जोडलेली नवी इमारतही हलक्या रेषेत घेतली. ती गाळली की चित्र देखणं होतं, पण आजची जागा त्यात राहत नाही.

खरा वेळ खातात ते भिंतीतले अर्धस्तंभ. ते खूप उंच आहेत, माथ्यावर कोरिंथियन, म्हणजे प्राचीन ग्रीक शैलीतल्या, पानांची नक्षी. पानन्‌पान काढायला गेलात तर सगळा दर्शनी भाग किरकिरा दिसतो. मी पानांखालच्या सावलीचे तीनच गडद ठिपके ठेवले आणि वरची कडा कोरी सोडली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर नक्षी आपोआप दिसते. खिडक्यांच्या खोलीला मात्र कंजुषी नको. भिंतीची जाडी तिथेच कळते.

घुमटासाठी आधी फिकट लंबवर्तुळ, त्यावर आठ बिंदू, मग प्रत्येक बिंदूपासून वर शेंड्याकडे जाणारी वक्र रेघ. कोपऱ्यावरून पाहताना समोरची बाजू रुंद आणि कडेच्या बाजू झपाट्याने अरुंद होतात. हा फरक धीटपणे दाखवला तरच अष्टकोन बसतो. पेन्सिल हातभर लांब धरून मोजलं तर घुमटाची उंची एकूण उंचीच्या जवळजवळ निम्मी भरते. डोळ्याला ती तेवढी वाटत नाही. तांब्याच्या हिरव्यासाठी व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा रंग) थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळला, कारण नुसता व्हिरिडियन फार कच्चा दिसतो.

आतल्या दालनांत पेन्सिलच न्यावी; जपानी संग्रहालयांत सहसा तेवढीच चालते. मध्ययुगाच्या दालनात कामाकुराच्या एंगाकु-जी या बौद्ध मंदिरातल्या शारिदेनची, म्हणजे अवशेष ठेवायच्या दालनाची, पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. छताखालच्या लाकडी तोड्यांची गुंफण काढायला घेतली की वेळेचं भान राहत नाही. बाहेर कोरिंथियन माथे आणि आत हे तोडे, दोन्ही वहीत शेजारी ठेवून पाहा. भार वरून खाली कसा येतो हे दोन्हीकडे सजावटीतूनच दाखवलंय, आणि मला ही जोडी फार आवडली.

मुंबईच्या मंडळींसाठी एक गोष्ट. जपानच्या परदेशी व्यापाराला पैसा पुरवण्यासाठी ही बँक १८८० मध्ये निघाली आणि १८९४ मध्ये तिने मुंबईत कचेरी उघडली. त्याच्या आदल्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीची कोबे–मुंबई बोटसेवा सुरू झाली होती, मुख्यतः आपल्याकडचा कापूस जपानी गिरण्यांपर्यंत न्यायला. या दगडी भिंतींमागच्या व्यवहारात त्या कापसाचाही वाटा होता, हे कळल्यापासून मी जोत्याची रेघ जास्त जपून ओढतो.

पुढचं पान जवळच्याच बंदर-उद्घाटन स्मारक सभागृहाचं, १९१७ चं, लाल विटा आणि पांढरे पट्टे. त्याचाही घुमट १९२३ मध्ये गेला आणि थेट १९८९ मध्ये परत आला. तिथे पट्टे कोरे सोडून विटांचा रंग भरायचा की पट्ट्यांवर आधी मास्किंग फ्लुइड (रंग कागदाला लागू न देणारा, नंतर काढून टाकायचा द्रव) लावायचं, हे अजून ठरत नाहीये. कुणी विटांच्या इमारतींवर काम केलं असेल तर नक्की सांगा.