दहा दिवसांची वस्ती

रात्री पावणेदोनला फोन वाजला की घरच्यांना वाटतं, कुणीतरी गेलं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा डिस्क गेलेली असते. गेलेली म्हणजे भरलेली. 'जागा शिल्लक नाही' एवढं एकच पालुपद लावून सर्व्हर बसून राहतो, आणि मी डोळे चोळत पहिला संशयित गाठते : स्लॅश टेम्प.

लिनक्सशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लॅश टेम्प ही प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर; चाळीच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची सामाईक दोरीच. कुणीही यावं, आपलं अडकवावं, वाळलं की न्यावं. दुसऱ्याचा टॉवेल मात्र काढायचा नाही. चाळीत हा नियम भांडणांच्या जोरावर टिकतो, युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ घराण्यात, एका अक्षराच्या. त्या डिरेक्टरीच्या परवानग्यांच्या रांगेत अगदी शेवटी एक 'टी' उभा असतो, त्याला स्टिकी बिट म्हणतात. अडकवायची मुभा सगळ्यांना, काढायची ज्याची त्याला. आणि अर्थात रूटला, म्हणजे चाळमालकाला.

पंचाईत एवढीच, की वाळलेलं न्यायला कुणी येत नाही. प्रोग्राम मध्येच मरतो, त्याचे कपडे तसेच लटकत राहतात. नावं वाचून मालक कळावा, तर तीही कशी? टीएमपी, एक टिंब, पुढे दहा अक्षरांची खिचडी.

पूर्वी ही झाडलोट रात्रीच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, चाले. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात (फेडोरा त्यातलंच) टेम्पवॉच नावाचा प्रोग्राम, डेबियनच्या घराण्यात टेम्परीपर. आता बहुतेक ठिकाणी हे काम सिस्टमडीने, म्हणजे मशीन सुरू करून बाकीच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, अंगावर घेतलंय. त्याचा मूळ हिशेब असा : स्लॅश टेम्पमध्ये दहा दिवसांची वस्ती, शेजारच्या स्लॅश वार टेम्पमध्ये तीस. फेडोराने 2013 मध्ये आलेल्या 18व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने 2025 च्या 13व्या आवृत्तीपासून स्लॅश टेम्प थेट रॅममध्येच मांडला. मशीन बंद झालं की दोरी रिकामी. वार टेम्प मात्र रीबूटनंतरही जागच्या जागी राहतो, म्हणून लोक 'तात्पुरतं, पण जरा जास्त तात्पुरतं' असलेलं सगळं तिथे नेऊन टाकतात.

नोकरीच्या सुरुवातीला मी हे काम हाताने करायचे, 'फाइंड' कमांडने. फाइंडला शब्दांचा क्रम फार लागतो. 'दहा दिवसांहून जुन्या शोध आणि काढून टाक' असं सांगायचं. माझ्याकडून एकदा 'डिलीट' आधी टाइप झालं आणि दिवसांची अट मागे राहिली. फाइंडने आज्ञाधारकपणे आधी सगळं काढलं. उरलंच काही तर त्याचं वय नंतर तपासणार होता. मांजरासारखी दोन दिवस ऑफिसात भिंतीकडेने फिरत होते. तेव्हापासून आधी नुसती यादी छापते, चहा पिते, आणि मग कमांडच्या शेवटी 'डिलीट' लावते. (दहाच्या आधी अधिकचं चिन्ह दिलं की फाइंड अकरा दिवस पुरे झाल्याशिवाय हात लावत नाही. चोवीस तासांचे पूर्ण तुकडे मोजतो, वरचे तास सोडून देतो.)

त्याहून छळणारा प्रकार म्हणजे काढूनही जागा मोकळी न होणं. चाळीस जीबीची लॉग फाइल उडवावी, फाइलींचे आकार बेरजणाऱ्या 'डीयू'ने खुशाल सांगावं की डिस्क अर्धी रिकामी, आणि डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या 'डीएफ'ने शंभर टक्क्यांवर अडून बसावं. कारण फाइल काढायची कमांड 'आरएम' फाइल काढतच नाही, तो दारावरची पाटी काढतो. आत एखादा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला असेल तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. पागडीचा भाडेकरू! सोसायटीच्या बोर्डावरून नाव पुसलं तरी आतून फोडणीचा वास येतोच. मग 'एलएसओएफ' घेऊन घरोघर हिंडायचं, बिननावाच्या फाइलीवर कोण बसलंय ते शोधायचं आणि त्याला उठवायचं. तो उठला की चाळीस जीबी क्षणात परत.

पण मला खरी गंमत वाटते ती वय मोजायच्या पद्धतीची. फाइल कधी जन्मली एवढ्यावर झाडणाऱ्याचं भागत नाही. शेवटचं लिहिलं कधी, तिच्या नोंदी (मालक, परवानग्या वगैरे) बदलल्या कधी आणि शेवटचं वाचलं कधी, हे तिन्ही काटे मुदतीच्या पलीकडे गेले तरच ती जुनी. म्हणजे वाचलं तरी हात लागला! नावांची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ने लांबून नाव पाहिलं तर चालतं. पण ही कामाची आहे का म्हणून उघडलीत, की घड्याळ पुन्हा शून्यावर. झाडणारा प्रोग्राम म्हणूनच डिरेक्टऱ्यांमधून आपलं पाऊल उमटू न देता जातो.

माझी आई तसं करत नाही. दिवाळीच्या आधी माळा काढला की मी पितळी स्टोव्ह भंगारात द्यायच्या ढिगात ठेवते. आई नुसता उचलते, पदराने पुसते, पंपाचा दांडा एकदा मागेपुढे करते. "वॉशर तेवढा गेलाय गं," म्हणते. झालं. स्टोव्ह पुढच्या दहा वर्षांसाठी वर. त्याच्याबरोबर बर्नरची पिन, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका आणि जुन्या मिक्सरचं झाकण. गेली कित्येक वर्षं मी तिला समजावतेय की टाकायची वस्तू हातात घ्यायची नसते.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सर्व्हरवर ही झाडलोट पहिल्यांदाच सुरू करायची होती. तिथे वर्षानुवर्षं कुणी केर काढलेला नव्हता. सवयीप्रमाणे आधी यादी छापली. वार टेम्पमध्ये हजारो खिचडी नावांच्या मधोमध एक धड नाव दिसलं : 'उद्या काढणे'. मालक, आमचे आधीचे ॲडमिन. निवृत्त होऊन जमाना झाला. तारीख 2014 ची. राहवलं नाही, उघडली. आत तीन ओळी. प्रिंटरचा नंबर, 'सोमवारी बॅकअप टेप बदलणे', आणि खाली 'दूध, कढीपत्ता'.

हसून बंद केली आणि झाडू लावून घरी गेले. सकाळी पाहिलं तर वार टेम्प लख्ख. सगळं गेलं होतं, 'उद्या काढणे' सोडून. तिला आणखी तीस दिवस मिळाले होते.