तुम्ही विचारलंत म्हणून: माझं नाव केदार कसं?

पुण्यात नोकरीला आल्यापासनं हा प्रश्न ठरलेला. नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, केदारनाथवरनं ना? घरचे चारधामला जाऊन आलेले का?" तर नाही, आमच्या घरातनं उत्तराखंडात अजून कुणीच गेलेलं नाही. आमचा केदारनाथ कोल्हापुरापासनं १७-१८ किलोमीटरवर वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर बसलाय, ज्याला सगळी दुनिया जोतिबा म्हणते.

जोतिबाच्या मुख्य देवळातला देव केदारनाथच. हिमालयातला केदारनाथ अंबाबाईच्या मदतीला दक्षिणेत आला, रत्नासुराला मारलं आणि काम झाल्यावर परत निघाला तर अंबाबाईनं थांबवून घेतला, अशी आमच्याकडची कथा. आत्ताचं देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांचं, १८०८ चं.

माझ्या आज्जाचं नाव जोतीराम. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जन्मला म्हणून. महात्मा जोतीराव फुल्यांचं नावही याच देवावरनं. आमच्या भागात पूर्वी जोती, जोतिबा, जोतीराम घरटी एक तरी असायचा. मग माझ्या वेळी आईला जरा आत्ताचं वाटणारं नाव पाहिजे होतं आणि आज्जाला देवाचंच पाहिजे होतं, दोघं चार दिवस एकमेकाशी बोलत नव्हती म्हणे, शेवटी आत्या म्हणाली केदार ठेवा, देव तोच हाय. म्हंजे मी आणि आज्जा एकाच नावाचे, फक्त त्याचं नाव धोतरातलं आणि माझं शर्टपँटीतलं. हायस्कूलला माझ्या वर्गात आम्ही तीन केदार होतो, आडनावानं हाक मारायला लागायची. आता भाचरांच्या वर्गात एकही नाही, सगळे विहान आणि रियांश, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

यात्रेला या एकदा. उंच सासनकाठ्या नाचत येतात, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेल्या, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं की गुलालखोबऱ्याची उधळण, दवण्याचा वास, आणि घरी आल्यावर चार दिवस कानातनं गुलाल निघतो. त्या गर्दीत कुणी "केदार" अशी हाक मारली की आपल्याला मारली का देवाला, कळत नाही.

पण अर्थ मला लई उशिरा कळला. केदार म्हंजे शंकर एवढंच माहीत होतं. रागही आहे केदार, दोन्ही मध्यम लागणारा, रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. पण संस्कृतात केदार म्हंजे शेत, त्यातही बांध घालून पाणी साठवलेलं शेत. अमरकोशात वप्र, केदार, क्षेत्र असे शब्द एका ओळीत दिलेत. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवून गपच बसलो, कारण आमचं घर पन्हाळ्याच्या पश्चिमेला, सगळं भाताचं रान, जुलैत चिखल करून रोप लावताना आमच्या रानाचं जे रूप असतं तेच माझं नाव. इतकी वर्षं मी नाव देवळात शोधत होतो.

त्याच पावसाळ्यात रोपलावणीला घरी गेलो. आज्जा ऐंशीच्या पुढचा, तरी गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, हातात रोपाची पेंडी. बांधावरनंच ओरडून सांगितलं, आज्जा, केदार म्हंजे पाणी धरलेलं रान. तो कंबर सरळ करून थोडा वेळ रानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तरीच. आनि खालच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय, ते बुजीव जा आधी, पानी चाललंय सगळं."