असिस्टंट प्रोफेसर ते प्रोफेसर: वायरलेस कम्युनिकेशनमधली वाट, माझा अनुभव

ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) विभागात नव्याने लागलेले सहकारी मला हमखास विचारतात, ‘सर, प्रोफेसर व्हायला किती वर्षं लागतात?’ कागदावर उत्तर सरळ आहे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, मार्च २०१९च्या नियमांनुसार असोसिएट प्रोफेसर पदासाठी पीएचडी, बीई किंवा एमई यांपैकी एका पदवीला प्रथम वर्ग, ८ वर्षांचा अनुभव (त्यातली किमान २ वर्षं पीएचडीनंतरची) आणि ६ पेपर लागतात. प्रोफेसर पदासाठी अनुभव १० वर्षांचा, त्यातली ३ वर्षं असोसिएट दर्जाच्या पदावरची. शिवाय असोसिएट असताना ६ पेपर आणि तुमच्या हाताखाली पीएचडी झालेले २ विद्यार्थी. विद्यार्थी नसतील तर १० पेपर. प्रत्यक्षात बहुतेकांची वाट याहून बरीच लांबते, कारण पेपर, विद्यार्थी आणि प्रयोगशाळा ही तिन्ही कामं एकामागून एक हाती घेतली जातात. मला ही वाट पार करता आली ती तिन्ही एकदम चालवल्यामुळे, म्हणून त्यांबद्दल सविस्तर लिहितो.

आधी विषय. वायरलेसमध्ये साधारण दर दहा वर्षांनी पिढी बदलते. ५जीचं पहिलं मानक, म्हणजे ३जीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संघटनेचं रिलीज १५, २०१८ मध्ये आलं आणि ६जीचा आराखडा आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूरही केला. पीएचडीला चार-पाच वर्षं जातात. त्यामुळे ‘अमुक पिढीतलं तमुक’ असा विषय घेतला तर प्रबंध बांधून होईपर्यंत रेफरीचा (पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा) त्यातला रस संपलेला असतो. चॅनल एस्टिमेशन, सिंक्रोनायझेशन, रिसोर्स अलोकेशन, इंटरफिअरन्स हे प्रश्न मात्र प्रत्येक पिढीत नव्या अटींसह परत येतात. त्यांपैकी एक धरून ठेवावा आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याचा संदर्भ बदलावा. छोट्या कॉलेजातून हे जमतं का, अशी शंका येते. जमतं, कारण या शाखेचा गाभा गणिताचा आहे. पुण्यात जन्मलेले आणि १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले थॉमस कैलाथ यांनी आयुष्यभर सिग्नल प्रोसेसिंगचं गणित केलं. मायमोचं १९९४चं अमेरिकन पेटंट त्यांच्या आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नावावर आहे. अनेक अँटेना वापरून एकाच बँडमध्ये एकाच वेळी वेगवेगळा डेटा पाठवण्याची ती कल्पना आज प्रत्येक फोनमध्ये आहे.

तरीही नुसत्या सिम्युलेशनवर दहा वर्षं काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. हातात हार्डवेअर नसेल तर रेफरी ‘परफेक्ट चॅनल नॉलेज’ (सिग्नलची वाट अचूक माहीत आहे) या गृहीतकावर बोट ठेवतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं. सुरुवात स्वस्तात होते. आरटीएल-एसडीआर या कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या रेडिओवर साधारण २४ मेगाहर्ट्झ ते १.७ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतं, पण पाठवता येत नाही. प्लूटो हा त्याच जातीचा बोर्ड घेतला तर ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ आणि २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ मिळते, पाठवणं आणि घेणं दोन्ही. संशोधनासाठी मी यूएसआरपी बी२१०च सुचवतो: ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, ५६ मेगाहर्ट्झपर्यंत बँडविड्थ, दोन पाठवणारे आणि दोन घेणारे चॅनल.

या बोर्डाचं पहिलं पथ्य अटेन्युएटरचं, म्हणजे सिग्नल क्षीण करणाऱ्या जोडणीचं. त्याच्या रिसीव्हरची सहनशक्ती उणे १५ डीबीएम (शक्तीचं एकक, ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट), आणि ट्रान्समीटर मात्र १० डीबीएमहून जास्त देतो. दोन्ही पोर्ट सरळ एसएमए केबलने जोडले तर रिसीव्हरवर २५ डीबीचा जादा मारा होतो आणि पुढचा भाग जळतो. मध्ये ३० डीबीचा अटेन्युएटर हवाच. विद्यार्थी घाईत असतात, म्हणून आमच्या लॅबमध्ये तो केबलला कायमचा घट्ट बसवलेला असतो. सुटा ड्रॉवरमध्ये ठेवत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. बोर्डावरचा ऑसिलेटर अधिक-उणे २ पीपीएमचा (दहा लाखांत दोन भाग चुकीचा) असतो. २.४ गिगाहर्ट्झवर त्याचे ४.८ किलोहर्ट्झ होतात. दोन बोर्ड उलट दिशांना सरकले तर फरक ९.६ किलोहर्ट्झ. एलटीईच्या (४जीच्या) सबकॅरिअरमधलं, म्हणजे शेजारच्या उपवाहक लहरींमधलं, अंतर १५ किलोहर्ट्झ असतं, म्हणजे फरक अर्ध्या सबकॅरिअरच्या पुढे गेला. आणि ठरावीक साधा सिंक्रोनायझेशन अल्गोरिदम अर्ध्या सबकॅरिअरपर्यंतचाच फरक ओळखतो. कॉन्स्टेलेशन (आलेल्या सिम्बॉलचा बिंदूंचा नकाशा) गोल फिरताना दिसतं आणि विद्यार्थी इक्वलायझरमध्ये चूक शोधत बसतो. दोन्ही बोर्डांना एकच १० मेगाहर्ट्झ रेफरन्स द्यावा किंवा जीपीएसवर चालणारा ऑसिलेटर बसवावा. नाहीतर मोठा फरक ओळखणारा प्रीअँबल (डेटाच्या आधी पाठवायचा ज्ञात सिग्नल) लिहावा. हा तिसरा मार्ग निवडला तर त्यातूनच कधी कधी पेपर निघतो.

तिसरी गोष्ट कॉम्प्युटरची. ५६ मेगासॅम्पल दर सेकंदाला, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २२४ मेगाबाइट दर सेकंदाला यूएसबी ३ वरून वाहतात. लॅपटॉपला ते झेपलं नाही की टर्मिनलवर इंग्रजी ‘ओ’ अक्षरांची रांग उमटते, आणि पाठवताना डेटा कमी पडला की ‘यू’. ही अक्षरं दिसत असताना घेतलेलं मोजमाप फेकून द्यावं. मध्ये सॅम्पल गळलेले असतात, आणि तो डेटा वापरला तर एरर रेट विनाकारण फुगतो.

हवेतून प्रसारण करायचं तर परवानगीकडे काणाडोळा चालत नाही. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बँड २०२२च्या लिलावात ऑपरेटरांनी घेतलेला आहे. तिथे प्रयोग करायचा तर सरल संचार पोर्टलवरून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे प्रायोगिक परवान्यासाठी अर्ज करावा. २.४ गिगाहर्ट्झचा बँड परवानामुक्त आहे, पण शक्तीच्या आणि उपकरणाच्या अटी तिथेही आहेत. शिवाय कॉलेजच्या वाय-फायची गर्दी तिथेच. १० मीटरवर मोकळ्या जागेतला पाथ लॉस (अंतरामुळे होणारी सिग्नलची घट) ६० डीबी, म्हणून १० डीबीएम पाठवले तर उणे ५० डीबीएम यायला हवेत. आकडा सोयीचा दिसतो, पण शेजारचा अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच ताकदीने बोलत असतो. मोजमाप सुट्टीच्या दिवशी घ्यावं आणि आधी पाच मिनिटं नुसता स्पेक्ट्रम रेकॉर्ड करून ठेवावा. रेफरीने विचारलं तर तो दाखवता येतो.

खरेदीचं थोडक्यात. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर वस्तू नसल्याचा अहवाल, वितरक एकच असेल तर प्रोप्रायटरी प्रमाणपत्र आणि अंदाजपत्रकात जीएसटी पूर्ण धरणं, या तीन गोष्टींवर फाइल अडकते. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला. जुन्या प्रस्तावातले आकडे उचलले तर मंजूर रक्कम कमी पडते. लॅब उभी करण्याआधी निव्वळ सिद्धांतावर काम करायचं असेल तर मॅट्रिक्स योजना याच कामासाठी आहे: वर्षाला २ लाख, ३ वर्षं. ती एसईआरबी या केंद्र सरकारच्या संशोधन मंडळाने सुरू केली. २०२४ पासून एसईआरबीचं काम अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे, म्हणजे एएनआरएफकडे गेलं आहे.

सिम्युलेशनच्या बाबतीत मी माझ्या विद्यार्थ्यांकडून एकच शिस्त सक्तीने पाळून घेतो: नवीन काहीही करण्याआधी ज्ञात वक्र काढून दाखवायचा. एडब्ल्यूजीएनमध्ये (फक्त नॉइज असलेल्या चॅनलमध्ये) बीपीएसके या सर्वांत साध्या मॉड्युलेशनचा बिट एरर रेट ९.६ डीबीला १०⁻⁵ यायला हवा. रॅले फेडिंगमध्ये (सिग्नलची ताकद सतत वरखाली होते तेव्हा) २० डीबीला सुमारे २.५ × १०⁻³. हे दोन बिंदू जुळले नाहीत तर पुढचं सगळं काम वाळूवर उभं आहे. जुळत नाहीत तेव्हा कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. बिटची ऊर्जा आणि सिम्बॉलची ऊर्जा यांची गल्लत झाली की क्यूपीएसकेमध्ये ३ डीबीचा आणि १६-क्वॅममध्ये ६ डीबीचा फरक पडतो. सायक्लिक प्रीफिक्सची (सिम्बॉलच्या शेपटाची पुढे जोडलेली प्रत) ऊर्जा हिशेबात धरली नाही की साधारण ०.३ डीबी. आणि कॉम्प्लेक्स नॉइजची शक्ती रिअल आणि इमॅजिनरी भागांत निम्मी वाटली नाही की थेट ३ डीबी. बिंदू किती विश्वासाचा हेही पाहावं: १०⁻⁵ मोजायचं तर किमान १०० चुका जमेपर्यंत, म्हणजे १ कोटी बिट तरी चालवायला हवेत, तेव्हा कुठे अनिश्चितता १० टक्क्यांच्या आसपास येते. दहा चुकांवर काढलेला वक्र शेपटाकडे वेडावाकडा होतो, आणि अनुभवी रेफरी पहिली नजर तिथेच टाकतो.

पेपर कुठे पाठवायचा? परिषदांपैकी फेब्रुवारी-मार्चमधली एनसीसी, बेंगळुरूला जानेवारीत होणारी कॉमस्नेट्स, आयआयएससीत दर दोन वर्षांनी भरणारी एसपीकॉम इथे विद्यार्थ्याने उभं राहून प्रश्न झेलावेत. त्यातून काम सुधारतं. बढतीच्या हिशेबात मात्र जर्नलच लागतं. स्कोपस आणि एससीआय या जर्नलांच्या दोन वेगळ्या याद्या आहेत. ‘स्कोपसमध्ये आहे’ म्हणजे ‘एससीआयमध्ये आहे’ असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी गफलत. क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये जर्नल एससीआयईखाली (एससीआयची विस्तारित यादी) आहे की ईएससीआयखाली (उदयोन्मुख जर्नलांची वेगळी यादी), ते पेपर पाठवण्याच्या दिवशी आणि छापून येण्याच्या दिवशी असं दोनदा तपासावं आणि दोन्ही वेळच्या तारखेसह प्रिंट काढून फाइलला लावावी. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. आयईईईच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये पाठवल्यापासून स्वीकृतीपर्यंत वर्ष सहज जातं. ३ वर्षांत ६ पेपर हवे असतील तर कोणत्याही क्षणी एक रेफरीकडे, एक दुरुस्तीत आणि एक लिहिण्यात असा ओघ हवा. चार-पाच पानांची कम्युनिकेशन्स लेटर्स लवकर निकाल देतात. एका कल्पनेचं काम तिथे द्यावं.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तारखांचं गणित कडक आहे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षं. असिस्टंट प्रोफेसरला ५ वर्षांचा अनुभव आणि ३ पेपर असले की गाइडशिप मिळू शकते, आणि एका वेळी ४ विद्यार्थी घेता येतात. असोसिएटला ६, प्रोफेसरला ८. अनेकजण असोसिएट झाल्यावर पहिला विद्यार्थी घेतात. त्याची पदवी हाती यायला पुढची पाच वर्षं जातात आणि तीन वर्षांत होणारी बढती तिथेच लांबते. पीएचडी झालेल्या विद्यार्थ्यांना ‘असोसिएट असतानाच’ ही अट नाही, ती फक्त पेपरांना आहे. म्हणून गाइडशिप मिळताच एक विद्यार्थी स्वतःकडे आणि एक सहमार्गदर्शक म्हणून घ्यावा. सहमार्गदर्शकही धरला जातो. फाइलला पदवी जाहीर झाल्याची अधिसूचना लागते, व्हायव्हाचं पत्र पुरत नाही.

आता फाइल. एआयसीटीईच्या ३६० अंशांच्या मूल्यमापनात अध्यापनाला २५, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला २५, विभागीय कामाला २०, संस्थेच्या कामाला १०, गोपनीय अहवालाला १० आणि सामाजिक कामाला १० गुण आहेत. गोपनीय अहवाल आणि अभिप्राय कार्यालयात असतात. बाकीचे पुरावे आपणच जमवायचे. लॅब इन्चार्जची ऑर्डर, एनबीएच्या (अभ्यासक्रमांच्या मानांकनाच्या) कामाचं पत्र, घेतलेल्या तासांची विभागप्रमुखांच्या सहीची नोंद हे सगळं सत्र संपलं की त्याच आठवड्यात घ्यावं. विभागप्रमुख बदलले की मागच्या तारखेची सही कुणी देत नाही, आणि देऊही नये. विद्यापीठाचं मान्यतापत्र ज्या तारखेपासून आहे, त्या तारखेपासूनच अनुभव धरला जातो. सुरुवातीची तात्पुरती वर्षं मान्यतेविना गेली असतील तर ती वजा होतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांखाली असलेल्या विद्यापीठ विभागात अर्ज करणार असाल तर हिशेब वेगळा: प्रोफेसरला १० पेपर आणि १२० रिसर्च स्कोअर. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनांहून जास्त असतील तर मुख्य किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. तेव्हा विद्यार्थी पहिला लेखक आणि गाइड करस्पॉन्डिंग हे पेपर पाठवतानाच ठरवून घ्यावं.

मुलाखतीत विषयतज्ज्ञ पेपर मोजत बसत नाहीत, ती छाननी आधीच झालेली असते. ते एखादी आकृती उघडून विचारतात: हा वक्र ३० डीबीनंतर सपाट का झाला? उत्तर फेज नॉइज आहे, पायलटचं कंटॅमिनेशन आहे की क्वांटायझेशन, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं. माझा सल्ला: प्रत्येक पेपरमधली एक आकृती आणि तिच्यातल्या वळणाचं कारण एका पानावर लिहून न्यावं. डायव्हर्सिटी ऑर्डर २ असेल (सिग्नल दोन स्वतंत्र वाटांनी येत असेल) तर दर १० डीबी वाढीमागे एरर रेट शंभरपट का पडतो, असा मूलभूत प्रश्नही हमखास येतो. बढती मिळाल्यावर वेतन लेव्हल १४ मध्ये, मूळ १,४४,२०० पासून निश्चित होतं. ते ज्या तारखेपासून लागू व्हायला हवं ती पात्रतेची तारीख अर्जात आपण स्वतः लिहायची असते. यूजीसीचे नियम त्या तारखेच्या ३ महिने आधीच अर्ज करायची मुभा देतात.